सरपंचपती

ग्रामपंचायतीवर निवडून आलेल्या स्त्रीऐवजी प्रत्यक्ष कारभार पाहणाऱ्या तिच्या पतीसाठी रूढ झालेली संज्ञा. उत्तर प्रदेशात ‘प्रधानपती’, बिहारात ‘मुखियापती’. कारभारी दीर, सासरा वा मुलगा असला, तरी प्रकार तोच. ‘सभापती’तील पती म्हणजे स्वामी, येथे तो नवरा, व्यवहारात मात्र पहिला अर्थच खरा ठरतो.

या प्रथेचा उगम सामान्यतः पंचायतींत स्त्रियांसाठी किमान एक-तृतीयांश जागा राखणाऱ्या 73 व्या घटनादुरुस्तीशी (अंमल 24 एप्रिल 1993) जोडतात. महाराष्ट्रापुरता तो काहीसा मागे नेणे सयुक्तिक वाटते, कारण येथे स्थानिक संस्थांत स्त्रियांसाठी 30 टक्के जागा 1990 मध्येच राखल्या गेल्या (2011 पासून 50 टक्के). आरक्षणामुळे केवळ नामधारी स्त्रिया आल्या, हे मत जुने आहे. पश्चिम बंगाल व राजस्थानातील पंचायतींवरील चट्टोपाध्याय व डफ्लो या अर्थतज्ज्ञांच्या अभ्यासात (2004) मात्र स्त्री प्रमुख असलेल्या ठिकाणी पिण्याच्या पाण्यावर अधिक खर्च झालेला आढळला. त्यामुळे ते मत सरसकट स्वीकारणे कठीण आहे.

संविधानाच्या कलम 243-घ नुसार अनुसूचित जाती-जमातींच्या राखीव जागांतही किमान एक-तृतीयांश स्त्रियांसाठी असतात. अशा दलित वा आदिवासी सरपंचाच्या मागे पतीऐवजी गावातील सधन गट असू शकतो. ज्यांच्या शेतात मजुरीला जायचे, त्यांच्याच विरोधात ठराव मांडायचा, हा पेच तिच्यापुढे असतो. शिवाय बैठकीच्या दिवशी मजुरी बुडते, ती निराळी.

पतीच्या हस्तक्षेपाची चर्चा होते, तेवढी पात्रतेच्या नियमांची होत नाही. जातीनिहाय राखीव जागेसाठी जात वैधता प्रमाणपत्र लागते. जात वडिलांकडून सिद्ध करायची असल्याने विवाहितेला माहेरचे जुने दाखले जमवावे लागतात. वडील स्थलांतरित मजूर असल्यास ते मिळणे मुश्किल. सप्टेंबर 2001 नंतर तिसरे अपत्य झाल्यास महाराष्ट्रात अपात्रता येते, मग अपत्यांच्या संख्येचा निर्णय घरात कोणीही घेतलेला असो. सरकारी जागेवरील अतिक्रमणानेही पद जाते. सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये एकत्र कुटुंबातील इतरांचे अतिक्रमणही त्यात धरले. म्हणजे सासऱ्याने बांधलेले घर सुनेला भोवते. गायरानावर वस्ती करून राहणाऱ्या भूमिहीनांना हा नियम विशेष जाचक आहे.

उलट दिशेची, म्हणजे स्त्रीला संरक्षण देणारी तरतूदही आहे: महाराष्ट्रात स्त्रियांसाठी राखीव सरपंचपदावरील स्त्रीविरुद्धचा अविश्वास ठराव तीन-चतुर्थांश बहुमताशिवाय संमत होत नाही. पंचायतराज मंत्रालयाच्या समितीने 2025 मध्ये अशा परस्पर कारभाराला जरबेच्या दंडाची शिफारस केली. आरक्षण फिरते असल्याने पुढील निवडणुकीत तीच जागा राखीव राहतेच असे नाही.