एका वर्षाच्या नफ्यावर शेअर जोखू नका: दहावर्षीय पीई कसा काढायचा आणि कुठे वापरायचा

आमच्याकडून मिळणाऱ्या शेअर-अहवालात नेहमीच्या पीईशेजारी (शेअरचा भाव प्रतिशेअर नफ्याच्या किती पट आहे, तो आकडा) 'दहावर्षीय पीई' असा एक रकाना असतो. त्यात एका वर्षाच्या नफ्याऐवजी दहा वर्षांच्या नफ्याची सरासरी धरलेली असते. कधी दोन्ही आकडे जवळजवळ सारखे असतात, तर कधी एक ८ आणि दुसरा २० असतो. मग कोणता धरायचा, हा प्रश्न ग्राहक हमखास विचारतात. हा आकडा कसा निघतो, कुठे चुकतो आणि कोणत्या कंपन्यांना तो लावूच नये, हे या पत्रकात दिले आहे. वही-कॅल्क्युलेटर किंवा एक्सेल घेऊन बसलात तर हा हिशोब तुम्ही स्वतः करू शकता.

अडचण भाजकात आहे

पीई म्हणजे शेअरचा भाव भागिले प्रतिशेअर नफा, म्हणजे ईपीएस. भाव रोज समोर दिसतो. ईपीएस मात्र एका वर्षाचा असतो आणि ते वर्ष कसे गेले यावर सगळे अवलंबून राहते. पोलाद, सिमेंट, साखर, रसायने, जहाज वाहतूक, व्यापारी वाहने या धंद्यांत नफा पाच-सहा वर्षांत तळापासून शिखरापर्यंत जातो आणि परत खाली येतो. शिखरावर ईपीएस फुगलेला असल्याने पीई लहान दिसतो आणि शेअर स्वस्त वाटतो. तळाला नफा आटतो, पीई ६०-७० वर जातो, आणि घेण्याजोगा शेअर महाग वाटतो. तोट्याच्या वर्षात तर पीई निघतच नाही. म्हणजे सर्वात जास्त गरज असते तेव्हाच हे गुणोत्तर उलटी दिशा दाखवते.

अमेरिकेत बेंजामिन ग्रॅहम आणि डेव्हिड डॉड या गुंतवणूक-अभ्यासकांनी १९३४ मध्येच यावर उपाय सुचवला होता: एका वर्षाचा नफा घेऊ नका, किमान पाच आणि शक्यतो सात ते दहा वर्षांची सरासरी घ्या. १९८८ मध्ये जॉन कॅम्पबेल आणि रॉबर्ट शिलर या अर्थतज्ज्ञांनी त्यात महागाईची भर घातली. जुन्या वर्षांचा नफा आजच्या रुपयात, त्यांच्या बाबतीत डॉलरमध्ये, आणून मग सरासरी काढायची. जगभर हे गुणोत्तर 'केप' किंवा 'शिलर पीई' म्हणून ओळखले जाते. शिलर यांनी ते संपूर्ण बाजाराच्या निर्देशांकासाठी वापरले होते. एकट्या कंपनीला लावताना जादा काळजी घ्यावी लागते आणि या पत्रकाचा बराच भाग त्याच काळजीबद्दल आहे.

हिशोब, एका उदाहरणावर

खालची कंपनी काल्पनिक आहे, पण आकड्यांची चाल पोलाद कंपन्यांसारखी ठेवली आहे. २०१५-१६ मध्ये चीनच्या स्वस्त मालामुळे इथले कारखाने अडचणीत होते आणि फेब्रुवारी २०१६ मध्ये सरकारला पोलादाच्या आयातीवर किमान किंमत ठरवावी लागली. २०२१-२२ मध्ये जगभर पोलादाचे भाव चढले. मे २०२२ मध्ये सरकारने निर्यातशुल्क लावले आणि नोव्हेंबरात ते काढले.

महागाईसाठी केंद्रीय सांख्यिकी मंत्रालयाचा ग्राहक किंमत निर्देशांक घेतला आहे: ग्रामीण आणि शहरी एकत्रित, २०१२ = १००, आर्थिक वर्षाची सरासरी, पूर्णांकात. सूत्र एवढेच: त्या वर्षाचा ईपीएस × (ताजा निर्देशांक ÷ त्या वर्षाचा निर्देशांक). ताजा निर्देशांक इथे १९३ आहे.

वर्ष | ईपीएस (रु.) | निर्देशांक | २०२४-२५ च्या रुपयात
२०१५-१६ | −६ | १२५ | −९.३
२०१६-१७ | १४ | १३० | २०.८
२०१७-१८ | २४ | १३५ | ३४.३
२०१८-१९ | ३४ | १४० | ४६.९
२०१९-२० | १२ | १४६ | १५.९
२०२०-२१ | २० | १५५ | २४.९
२०२१-२२ | ७४ | १६४ | ८७.१
२०२२-२३ | ३० | १७५ | ३३.१
२०२३-२४ | २८ | १८४ | २९.४
२०२४-२५ | २५ | १९३ | २५.०

शेवटच्या रकान्याची बेरीज ३०८.१, सरासरी ३०.८ रुपये. महागाई न धरता काढलेली सरासरी २५.५ येते, म्हणजे नुसत्या महागाईने पाच रुपयांचा फरक पडतो. भाव ५६० असेल तर नेहमीचा पीई ५६० ÷ २५ = २२.४ आणि दहावर्षीय पीई ५६० ÷ ३०.८ = १८.२.

आता २०२१-२२ चा निकाल लागला तो क्षण पाहा. समजा तेव्हा भाव ५९२ होता. ५९२ ÷ ७४ = ८. आठ पटीला इतकी नफ्यातली कंपनी मिळते म्हटल्यावर बरेच लोक घेतात. पुढच्याच वर्षी ईपीएस ३० वर आला आणि त्याच ५९२ भावाला पीई जवळपास २० झाला. भाव हललाही नव्हता.

तोट्याचे वर्ष गाळू नका. लोक हीच चूक सर्वात जास्त करतात, कारण बऱ्याच संकेतस्थळांवर तोट्याच्या वर्षात पीईच्या जागी रेघ असते आणि ती ओळ नकळत सुटते. वरच्या तक्त्यातून २०१५-१६ वगळले तर नऊ वर्षांची सरासरी ३५.३ होते आणि दहावर्षीय पीई १८.२ वरून १५.९ वर उतरतो. मंदी हा त्या धंद्याचा भाग आहे. ती वगळून काढलेली सरासरी त्या धंद्याची राहत नाही.

एका असामान्य वर्षाचे वजनही तपासा. २०२१-२२ काढून पाहिले तर सरासरी ३०.८ वरून २४.६ वर येते. म्हणून आम्ही सरासरीबरोबर मध्यकही काढतो. दहा आकडे चढत्या क्रमाने लावून पाचव्या आणि सहाव्याची सरासरी घ्यायची: (२५.० + २९.४) ÷ २ = २७.२. सरासरी आणि मध्यक यांत २० टक्क्यांहून जास्त अंतर असेल तर अहवालात त्या आकड्यापुढे फुली असते. तिथे आमच्या मते मध्यकच धरावा.

कोणता निर्देशांक घ्यावा

भांडवली नफ्याच्या करासाठीचा 'कॉस्ट इन्फ्लेशन इंडेक्स' बऱ्याच जणांच्या हाताशी असतो, पण तो इथे घेऊ नये. कायद्यानुसार तो आधीच्या वर्षाच्या शहरी ग्राहक किंमत निर्देशांकातील सरासरी वाढीच्या ७५ टक्क्यांच्या आधारे ठरतो. त्यामुळे महागाई कमी दिसते आणि जुना नफा पुरेसा वर येत नाही.

दुसरा घोळ आधारवर्षाचा होतो. औद्योगिक कामगारांच्या ग्राहक किंमत निर्देशांकाचे आधारवर्ष सप्टेंबर २०२० पासून २००१ ऐवजी २०१६ झाले आणि आकडा एका महिन्यात ३३८ वरून ११८ वर आला. महागाई काही उतरली नव्हती. जुनी आणि नवी मालिका २.८८ या जोडगुणकाने जोडायची असते. आधारवर्ष बदलले की कोणत्याही निर्देशांकाबाबत असा गुणक जाहीर होतो. तो न लावता दोन मालिका एकाच रकान्यात उतरवल्या तर पुढचा सगळा हिशोब फुकट जातो.

शेअरसंख्या: इथे खरा घात होतो

इन्फोसिसने डिसेंबर २०१४, जून २०१५ आणि सप्टेंबर २०१८ मध्ये प्रत्येकी एकास एक बोनस दिला, म्हणजे प्रत्येक शेअरमागे एक शेअर फुकट. २०१४ आधीच्या एका शेअरचे आज आठ झाले. तेव्हाच्या वार्षिक अहवालातला ईपीएस जसाच्या तसा घेतला तर तो आठपट मोठा धरला जातो. बोनस आणि स्प्लिट (एका शेअरचे विभाजन करून अनेक शेअर करणे) या दोन्हींसाठी जुना ईपीएस नव्या शेअरसंख्येवर आणावाच लागतो. वार्षिक अहवालातल्या 'दहा वर्षांचा आढावा' या पानावर हे दर वेळी केलेले असतेच असे नाही. तळटीप वाचा.

बोनस-स्प्लिटची दुरुस्ती बहुतेक माहितीसाठे आपोआप करतात. कंपनीने नवे शेअर विकून भांडवल उभारले असेल, तर मात्र कोणी दुरुस्ती करत नाही. येस बँकेचे उदाहरण स्पष्ट आहे. २०१७-१८ मध्ये बँकेचा नफा सुमारे ४,२२५ कोटी आणि ईपीएस १८ रुपयांच्या आसपास होता. मार्च २०२० ची पुनर्रचना आणि जुलै २०२० ची १२ रुपये दराची विक्री यांनंतर शेअरसंख्या सुमारे २५५ कोटींवरून २,५०० कोटींच्या घरात गेली. तोच ४,२२५ कोटींचा नफा या नव्या संख्येवर वाटला तर शेअरमागे १ रुपया ७० पैसेही येत नाहीत. जुना १८ रुपयांचा ईपीएस सरासरीत राहिला तर १२-१५ रुपयांचा शेअर मातीमोल भावाने मिळतो आहे असे वाटेल.

म्हणून शेअरसंख्या दहा वर्षांत २५ टक्क्यांहून जास्त वाढली असेल तर आम्ही दोन हिशोब देतो. एक, त्या-त्या वर्षाच्या ईपीएसवरून. दुसरा, प्रत्येक वर्षाचा एकूण नफा आजच्या शेअरसंख्येने भागून. नव्या पैशातून कारखाने उभे राहून नफा वाढला असेल तर दुसरा हिशोब कंपनीवर अन्याय करतो. तो पैसा जुने नुकसान भरण्यात गेला असेल तर पहिला हिशोब फसवतो. पैसा कुठे गेला हे ताळेबंदात शोधल्याशिवाय दोहोंतून निवड करता येत नाही.

एकदाच घडणारे नफे-तोटे

आयटीसीने जानेवारी २०२५ मध्ये हॉटेल व्यवसाय वेगळा केला आणि त्यापोटी २०२४-२५ च्या नफ्यात १५ हजार कोटींहून मोठी नोंद आली. रोकड आली नाही. असा नफा आम्ही काढून टाकतो. शिवाय वेगळ्या झालेल्या धंद्याचा जुना नफाही मागच्या वर्षांतून वजा करतो, कारण आज तो या शेअरबरोबर मिळत नाही.

तोट्याबाबत आम्ही इतके उदार नाही. टाटा मोटर्सने २०१८-१९ च्या तिसऱ्या तिमाहीत जॅग्वार लँड रोव्हरच्या मालमत्तेचे मूल्य घटवले आणि त्या एका तिमाहीत सुमारे २७ हजार कोटींचा तोटा दाखवला. 'हा कागदी तोटा, सोडून द्या' असे म्हणणारे पुष्कळ असतात. पण ते पैसे आधीच्या वर्षांत खरोखर खर्च झालेले असतात. तेव्हा खर्च म्हणून न दाखवल्यामुळे त्या वर्षांचा नफा मोठा दिसला होता. सरासरीत तो मोठा नफा ठेवून नंतरची घट गाळणे बरोबर नाही. आम्ही ती ठेवतो.

दोन नियमबदलही ध्यानात ठेवा. सप्टेंबर २०१९ मध्ये कंपनीकर २२ टक्क्यांवर, अधिभार-उपकर धरून सुमारे २५.१७ टक्क्यांवर आणण्याचा पर्याय मिळाला. त्याआधी मोठ्या कंपन्या ३४-३५ टक्के भरत. करपूर्व नफा तेवढाच असूनही आजचा निव्वळ नफा जास्त दिसतो, म्हणून पूर्ण कर भरणाऱ्या कंपनीचा जुना नफा थोडा कमी लेखला जातो. दुसरे म्हणजे एकल (फक्त मूळ कंपनीचे) आणि एकत्रित (उपकंपन्या धरून) निकाल मिसळू नका. खुद्द निफ्टीचा पीई ३१ मार्च २०२१ पासून एकत्रित निकालांवर मोजला जाऊ लागला. त्याआधीच्या आकड्यांशी आजच्या पीईची तुलना करून 'बाजार स्वस्त झाला' म्हणणे चूक आहे.

आकडा हाती आला, पुढे काय

१८.२ महाग की स्वस्त? तो उलटा करा: १ ÷ १८.२ = ५.५ टक्के. महागाई वजा केल्यानंतरची ही मिळकत आहे, म्हणून तिची तुलनाही तशाच दराशी करावी. समजा दहा वर्षांच्या सरकारी रोख्यावर ६.५ टक्के मिळतात आणि महागाई रिझर्व्ह बँकेच्या ४ टक्के लक्ष्याइतकी आहे, तर रोख्याचा खरा दर २.५ टक्के झाला. वरचे ३ टक्के धंद्याच्या जोखमीचा मोबदला. कर्जबाजारी पोलाद कंपनीसाठी तो आम्हाला अपुरा वाटतो, कर्जमुक्त कंपनीसाठी चालेल.

भाव काढायचा असेल तर सरासरीला तुम्हाला मान्य असलेल्या पटीने गुणा. १५ पटीने ३०.८ × १५ = ४६२ रुपये, मध्यकावर ४०८ रुपये. पट ठरवताना त्याच कंपनीचा मागचा दहावर्षीय पीई आणि त्याच धंद्यातल्या दोन-तीन कंपन्या पाहा. पोलादाची तुलना साबण-बिस्किटांच्या कंपनीशी करू नका.

खरेदी-विक्रीची वेळ मात्र यावरून कळत नाही. ३ डिसेंबर १९९६ रोजी कॅम्पबेल आणि शिलर यांनी अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेपुढे, म्हणजे फेडरल रिझर्व्हपुढे, बाजार महाग असल्याची मांडणी केली. तेव्हा तिथला दहावर्षीय पीई २८ च्या आसपास होता. बाजार आणखी तीन वर्षांहून अधिक काळ चढत राहिला, आकडा ४४ वर गेला आणि मार्च २००० नंतर घसरण सुरू झाली. म्हणून हा रकाना पाहून आम्ही कोणालाही 'उद्या विका' असे सांगत नाही. पुढच्या दहा वर्षांत साधारण किती अपेक्षा ठेवावी, एवढ्यापुरताच तो उपयोगी पडतो.

ज्या कंपन्यांचा रकाना रिकामा असतो

झपाट्याने वाढणाऱ्या कंपनीला हा आकडा गणितानेच महाग ठरवतो. महागाई वगळून नफा दरवर्षी १५ टक्के वाढत असेल तर दहा वर्षांची सरासरी चालू नफ्याच्या जेमतेम ५८ टक्के भरते. नेहमीचा पीई ३० असला तरी दहावर्षीय पीई ५२ येतो. वाढ २ टक्के असेल तर तोच ३३ येतो. म्हणजे ५२ आणि ३३ मधला सगळा फरक वाढीच्या वेगातून आलेला असतो.

धंदाच बदललेल्या, मोठे विलीनीकरण झालेल्या किंवा सात वर्षांहून कमी निकाल उपलब्ध असलेल्या कंपन्यांसाठी आम्ही आकडा देत नाही. सात ते नऊ वर्षे असतील तर देतो, पण वर्षांची संख्या शेजारी लिहितो. त्या काळात निदान एक मंदी आलेली असावी, ही अट मात्र कायम असते.

रकाना दरवर्षी जूनमध्ये, मार्चअखेरचे लेखापरीक्षित निकाल आल्यावर नव्याने भरला जातो: सर्वात जुने वर्ष गळते, नवे येते, आणि सगळी वर्षे नव्या निर्देशांकावर पुन्हा मोजली जातात. मधल्या काळात फक्त भाव बदलतो. तुमच्याकडच्या एखाद्या शेअरचा हिशोब तपासून हवा असेल तर कंपनीचे नाव आणि तुम्ही वापरलेले दहा ईपीएस आणा. ते एकल निकालातले की एकत्रित, हे वरच्या कोपऱ्यात लिहून ठेवा.