डेबियनमध्ये पॅकेज मेंटेन करायचंय? पात्रता, कागदपत्रं आणि अर्ज कसा करायचा

डिग्री लागते का, फी किती, वयाची अट आहे का, असं बरेच जण विचारतात. यातलं काहीच लागत नाही. 1993 पासून डेबियन, म्हणजे लिनक्सवर आधारलेली मोफत ऑपरेटिंग सिस्टिम, व्हॉलंटियर लोकच चालवतायत आणि सुरुवात करायला तर अर्जसुद्धा नसतो. आधी काम, मग अर्ज, हा क्रम नीट समजून घ्या.

नवीन माणूस पहिल्याच दिवशी एखादं नवं सॉफ्टवेअर पॅकेज करायला, म्हणजे डेबियनवर इन्स्टॉल होईल अशा रूपात बांधायला घेतो, मला ते पटत नाही. करता येतं तसं, डब्ल्यूएनपीपीवर, म्हणजे काम हवं असलेल्या पॅकेजच्या यादीवर, आयटीपी बग (मी हे पॅकेज करणार अशी नोंद) टाकायचा म्हणजे हे काम मी घेतलंय हे बाकीच्यांना कळतं, पण नवं पॅकेज न्यू क्यूमध्ये, म्हणजे नव्या पॅकेजच्या रांगेत थांबतं, तिथे एफटीपी टीम, म्हणजे डेबियनचा पॅकेजसाठा सांभाळणारी टीम, लायसन्स तपासते आणि कधी कधी महिनेही जातात, तोवर उत्साह संपतो. त्यापेक्षा मेंटेनर उरला नाही असं अनाथ पॅकेज दत्तक घ्या, त्याच्या बगच्या टायटलमधलं ओ (अनाथ) बदलून आयटीए (दत्तक घेतोय) करायचं. हाऊ-कॅन-आय-हेल्प नावाचं पॅकेज टाकलंत की तुमच्याच मशिनवरच्या कुठल्या पॅकेजला हात हवाय ते दिसतं. देवनागरी फॉन्ट किंवा मराठी स्पेलचेकच्या पॅकेजमध्ये काय बिघडलंय हे आपल्यालाच पटकन कळेल, त्यामुळे तिकडेही नक्की बघा.

प्रत्यक्ष काम म्हणजे सोर्समधला डेबियन नावाचा फोल्डर: कंट्रोल, रूल्स, चेंजलॉग, कॉपीराइट. यातली कॉपीराइट फाइल लोक घाईत उरकतात आणि नवं पॅकेज तिथेच रिजेक्ट होतं, म्हणून सोर्समध्ये दुसऱ्याचा कोड कुठे घुसलाय, त्याचं लायसन्स काय, हे एकेक फाइल उघडून बघा. बिल्ड एसबिल्डमध्येच, म्हणजे कोऱ्या, वेगळ्या वातावरणात पॅकेज बांधणाऱ्या टूलमध्येच करा, कारण आपल्या मशिनवर सगळ्या लायब्रऱ्या आधीच असतात आणि कंट्रोलमध्ये लिहायची राहून गेलेली डिपेंडन्सी (लागणारं दुसरं पॅकेज) कळतच नाही. मग लिंटियन, म्हणजे पॅकेजमधल्या चुका शोधणारं टूल, चालवा आणि त्याच्या तक्रारी वाचा.

तुम्हाला थेट अपलोड करता येत नाही, स्पॉन्सर, म्हणजे तुमच्या वतीने अपलोड करणारा डेबियन डेव्हलपर (अपलोडचा अधिकार असलेला सदस्य), लागतो. मेंटर्स डॉट डेबियन डॉट नेटवर पॅकेज चढवायचं, आरएफएस (स्पॉन्सर हवा) बग टाकायचा आणि कुणी डेव्हलपर तपासून अपलोड करेल याची वाट बघायची. उत्तर आलं नाही तर नम्रपणे पुन्हा विचारा, त्यात गैर काही नाही. एखाद्या टीममध्ये, म्हणजे पायथन वगैरे, शिरलात तर स्पॉन्सर लवकर मिळतो.

असं काही काळ नीट काम केलंत की डेबियन मेंटेनरचा, म्हणजे ठरावीक पॅकेज स्वतः अपलोड करायच्या अधिकाराचा, अर्ज. तो एनएम डॉट डेबियन डॉट ऑर्गवर, साल्साच्या, म्हणजे डेबियनच्या कोड ठेवायच्या साइटच्या, अकाउंटने लॉगिन करून. कागदपत्रं म्हणाल तर तुमची जीपीजी की (डिजिटल सही करायची किल्ली), 4096 बिटची चालते, आणि साधारण नियम असा की तिच्यावर किमान एका डेबियन डेव्हलपरची सही हवी. सही करणारा सहसा समोरासमोर भेटतो आणि फोटो असलेलं सरकारी ओळखपत्र बघतो, पासपोर्ट असेल तर उत्तम. त्यासाठी मिनी डेबकॉन्फ, म्हणजे डेबियनवाल्यांची छोटी परिषद, वगैरेला जावं, 2023 ची डेबकॉन्फ तर कोचीलाच झाली होती. शिवाय सोशल कॉन्ट्रॅक्ट (डेबियनची वचनं), डीएफएसजी (मुक्त सॉफ्टवेअरचे निकष) आणि मशीन वापराचे नियम मान्य असल्याचं सही केलेलं निवेदन, आणि तुमचं काम बघितलेल्या डेव्हलपरची शिफारस. ही शिफारस ऐनवेळी मागून मिळत नाही, ज्याने तुमचे अपलोड स्पॉन्सर केले तोच ती मनापासून लिहितो.

मेंटेनर झालात तरी ज्या पॅकेजची परवानगी डेव्हलपरने दिलीय तेवढीच स्वतः अपलोड करता येतात, नवं पॅकेज अजूनही स्पॉन्सरमार्फतच जातं.