कॉईलला करंट येतोय म्हणून कॉईलच गेली असं नसतं

जुन्या पॉइंटवाल्या गाडीला (पॉइंट म्हणजे प्लगांना ठिणगी वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरमधला उघडमीट करणारा छोटा स्विच) स्पार्क नाही म्हटलं की सल्ला ठरलेला, कॉईल बदला, म्हणजे १२ व्होल्टवरून ठिणगीचं हाय व्होल्टेज बनवणारा भाग. का, तर कॉईलच्या प्लसला टेस्टिंगचा बल्ब पेटतोय आणि प्लगला ठिणगी नाही, मग मधली कॉईलच गेली. हे ऐकून ऐकून खरंच वैताग आलाय, कारण नवी कॉईल बसवूनही गाडी तशीच उभी आणि चांगली कॉईल भंगारात.

हाय टेन्शन बाजू सगळ्यांना ठाऊक असते, कॉईलची मधली जाड वायर, डिस्ट्रिब्युटरची कॅप, तिच्या आत फिरणारा रोटर, प्लग. ती सोडा. घोळ होतो लो टेन्शनला, म्हणजे चावीपासून कॉईलमधून पॉइंटपर्यंतच्या १२ व्होल्टच्या वाटेत. प्लसला बल्ब पेटला की लोक ही बाजू पास करून टाकतात, पण ती तिथे संपतच नाही, ती पॉइंटमधून अर्थला, म्हणजे गाडीच्या बॉडीला जाऊन संपते. कॉईल ठिणगी देते ती करंट आला म्हणून नाही, वाहता करंट पॉइंट उघडताना एकदम तुटतो म्हणून. आणि तो तुटतोय की नाही हे प्लसवर कधीच कळणार नाही, मायनसवर कळतं.

तर बल्बची क्लिप बॉडीला, टोक कॉईलच्या मायनसला (डिस्ट्रिब्युटरकडे बारीक वायर जाते तिथे), आणि कुणाला तरी सेल्फ मारायला सांगा. निगेटिव्ह अर्थची गाडी (बॅटरीचा मायनस बॉडीला) धरून सांगतोय. बल्ब लुकलुकला की पॉइंट उघडमीट करतायत. एकसारखा पेटूनच राहिला तर पॉइंटमधून अर्थ मिळत नाहीये, बहुतेक वेळा काजळी नाहीतर गॅप जास्त, पॉलिश पेपर फिरवा, पुसा, गॅप साधारण ०.४ मिमी ठेवा (नेमका आकडा गाडीच्या मॅन्युअलमधून घ्या). तरी तसंच असेल तर कॅप काढून रोटर फिरतोय का तेही बघा.

बल्ब पेटलाच नाही तर डिस्ट्रिब्युटरची वायर मायनसवरून काढा आणि चावी ऑन करून परत बघा. आता पेटला? मग कॉईलची लो टेन्शनची गुंडाळी तुटलेली नाही, पॉइंट उघडत नाहीयेत किंवा वायर कुठेतरी बॉडीला लागलीये किंवा कंडेन्सर (पॉइंटला जोडलेली छोटी डबी, करंट एकदम तुटायला मदत करते) शॉर्ट आहे. कंडेन्सर सोडवून सेल्फ मारल्यावर लुकलुक सुरू झाली तर चोर तोच. आणि प्लसला करंट असून, वायर काढूनही बल्ब मेलेलाच, तर खुशाल कॉईल बदला.

लुकलुक आहे पण स्पार्क नाही, तेव्हाच हाय टेन्शनकडे जायचं. जाड वायर कॅपमधून काढून इन्सुलेटेड पकडीने इंजिनपासून ५-६ मिमीवर धरा, ठिणगी उडाली तर रोटर आणि कॅपमधला कार्बन बघा. नाही उडाली किंवा पिवळट, मरतुकडी आली तर मी कॉईलआधी कंडेन्सरच बदलतो, स्वस्त असतो आणि तो आतून ओपन झाला तरी बल्ब मस्त लुकलुकतो.

सेल्फ मारताना इंजिन पकडतं आणि चावी सोडली की लगेच बंद पडतं, हा बहुतेक बॅलास्ट रेझिस्टर (काही गाड्यांत कॉईलच्या वाटेत करंट कमी करायला लावलेला, सेल्फ मारताना बायपास होणारा), यातही कॉईलचा दोष नाही. आणि कॉईल घ्यायचीच झाली तर बॅलास्टवाल्या गाडीची दीडेक ओहमची बिनबॅलास्टच्या गाडीत ठोकू नका, तिथे तीनेक ओहमची लागते, नाहीतर पॉइंट जळत राहतील.