पुळणीवरचा खेळ, डोंगराखालचं मैदान

खारघरच्या गोल्फ कोर्सवर सुरुवातीच्या वर्षांत जो कोणी नवा जायचा, तो एकच प्रश्न विचारायचा: अकराच होल का? होल म्हणजे ज्यात बॉल घालायचा तो खड्डा, आणि पूर्ण फेरी अठराची. नवी मुंबई वसवणाऱ्या सिडकोने २०१२ मध्ये हे मैदान सुरू केलं तेव्हा आराखडा अठरा होलांचा होता, प्रत्यक्षात खेळायला मिळाले अकरा. अकरा संपले की परत पहिल्या टीवर, म्हणजे पहिला फटका मारायच्या जागी, यायचं, आणखी सात खेळायचे आणि अठरा भरायचे. शहरातल्या जुन्या क्लबांमधून आलेली मंडळी यावर नाक मुरडत. मला मात्र त्या अकराचा कधी कमीपणा वाटला नाही, आणि त्याला कारण आहे.

गोल्फची पंढरी म्हणजे स्कॉटलंडमधलं सेंट अँड्र्यूज. तिथेही १७६४ पर्यंत जाताना अकरा आणि येताना अकरा अशी बावीस होलांची फेरी असे. परतीच्या वाटेवर बहुतेक खड्डे तेच, फक्त उलट्या दिशेने. त्या वर्षी सुरुवातीचे चार आखूड होल जोडून दोन केले. जाताना दोन घटले, येताना दोन घटले, उरले अठरा. या आकड्यामागे शास्त्र वगैरे काही नाही, निव्वळ हिशेब आहे. एडिनबरोजवळच्या लीथला १७४४ मध्ये या खेळाचे पहिले तेरा लेखी नियम झाले, तिथे होल होते पाच. १८६० ची पहिली ओपन स्पर्धा प्रेस्टविकला झाली ती बारा होलांवर, एकाच दिवसात तीन फेऱ्या मारून. जागा असेल तेवढं खेळायचं, हीच मूळची रीत.

आणि जागा कोणती? स्कॉटलंडच्या किनाऱ्यावर समुद्र आणि शेती यांच्यामध्ये वाळूचा एक उंचसखल पट्टा असतो, त्याला तिकडे लिंक्स म्हणतात. नांगर घालून उपयोग नाही, खुरटं गवत तेवढं येतं, मेंढ्या चरतात. वाऱ्यापासून आडोसा म्हणून मेंढ्या जिथे बसत तिथे झिजून बंकर, म्हणजे वाळूचे खड्डे, झाले, असं सांगतात. थोडक्यात, आपली पुळण. ही जमीन गावाची होती, हे इथे महत्त्वाचं. सेंट अँड्र्यूजच्या आर्चबिशपला तिथे ससे पाळायची मुभा मिळाली ती १५५२ च्या सनदेने, आणि त्याच सनदेत गावकऱ्यांचा तिथे गोल्फ, फुटबॉल खेळण्याचा हक्क लिहून ठेवला आहे. ज्याला आज साहेबांचा खेळ म्हणतात, तो मुळात गायरानावरचा खेळ.

मग एवढी पुळण असून कोकणात हा खेळ का रुजला नाही? कोकणी माणसाने पुळणीला रिकामं राहूच दिलं नाही. मर्यादवेल आणि केवड्याची रांग ओलांडली की लगेच माडांचं आगर सुरू होतं. उरलेल्या वाळूवर होड्या ओढायच्या, जाळी पसरायची, मासळी सुकवायची. वर सड्यावर मोकळी जागा भरपूर, पण तो जांभा कातळ. तिथे बॉल एकदा टप्पा खाल्ला की थेट खालच्या वाडीत. बाकीची सपाट जमीन भाताची, आणि चार महिने तिच्यावर घोटाभर पाणी. भात कापल्यावर त्याच खाचरांत टेनिस बॉलचं क्रिकेट रंगतं, ते आपलं खरं मोसमी मैदान.

त्यामुळे गोल्फ इकडे आला तो जमिनीतून उगवून नव्हे, बोटीतून उतरून. कलकत्त्याचा क्लब १८२९ चा, ब्रिटिश बेटांबाहेरचा सर्वांत जुना. मुंबईतला क्लब १८४२ चा. लष्करी अधिकारी आणि व्यापारी एस्प्लनेडच्या मोकळ्या मैदानावर खेळत. पुढे विलिंग्डन क्लब निघाला तो हिंदी सभासदांना दार उघडं ठेवून. मग १९२७ मध्ये चेंबूरचा प्रेसिडेन्सी क्लब. छावण्यांच्या गावी पाण्याची मारामार, त्यामुळे होलभोवती बारीक कापलेल्या गवताच्या ग्रीनऐवजी तेल घातलेल्या वाळूचे गोल असत. त्यांना ब्राऊन म्हणत. पट करण्याआधी, म्हणजे बॉल हळूच होलकडे ढकलण्याआधी, लाकडी फळीने वाळू सारखी करून घ्यायची. या क्लबांच्या कुंपणाआत स्थानिक माणूस होता तो पिशवी उचलायला किंवा गवत कापायला, आणि खेळ तोच शिकून गेला. १९९१ मध्ये इंडियन ओपन जिंकणारा पहिला भारतीय व्यावसायिक अली शेर असाच पिशवी उचलणारा कॅडी होता. २०१६ आणि २०१७ अशी लागोपाठ दोन वर्षं ती जिंकणारा एस. एस. पी. चौरासिया हा कलकत्त्याच्या क्लबातल्या माळ्याचा मुलगा.

खारघरचं वेगळेपण इथे येतं. इथे क्लबाचं सभासदत्व लागत नाही, पैसे भरून कोणीही खेळू शकतो. पण ही जमीन गायरान म्हणून राहिलेली नाही. सिडको १९७० मध्ये स्थापन झाली आणि नव्या शहरासाठी ठाणे, पनवेल, उरण पट्ट्यातल्या ९५ गावांची जमीन संपादनात आली. भातशेती, खाजणं, मिठागरं आणि त्यांवर जगणारे आगरी-कोळी. मोबदल्यावरून दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली लढा उभा राहिला. जानेवारी १९८४ मध्ये उरणजवळच्या जासईच्या परिसरात गोळीबार झाला, पाच जण गेले. त्या रक्तातून साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याचं तत्त्व आलं. हे माहीत असूनही मी तिथे खेळतो, आणि पाचव्या-सहाव्या होलला कधीतरी ते आठवतंच. सार्वजनिक मैदान हा शब्द मला सेंट अँड्र्यूजच्या सनदेइतका सरळ वाटत नाही, तो यामुळे. तरी डोंगराच्या पायथ्याला शंभरेक हेक्टर जागा इमारतींऐवजी गवताखाली आहे, हेही खरं.

गवताचं तर मला कायम हसू येतं. उष्ण प्रदेशातल्या बहुतेक गोल्फ मैदानांना बर्म्युडा गवत लागतं. नाव परदेशी, पण ही आपली हरळी, गणपतीला वाहतो ती दूर्वा. शेतकरी जन्मभर बांधावरून खणून काढतो आणि पुन्हा पुन्हा उगवते म्हणून शिव्या देतो तीच. तिच्या जाती सुधारून ग्रीनवर गालिच्यासारखी वाढवतात.

बाकी सामानाचीही इकडच्या झाडांशी सोयरीक आहे. पिसं ठासून भरलेला चामड्याचा बॉल जाऊन १८४८ च्या सुमारास गट्टा-पर्चाचा आला. तो मलायातल्या ज्या झाडाचा चीक, ते झाड आपल्या चिकूच्या आणि बकुळीच्या कुळातलं. लांब फटक्याच्या लाकडी काठीचं, म्हणजे ड्रायव्हरचं, डोकं अनेक वर्षं पर्सिमनच्या लाकडाचं असे, आणि पर्सिमन म्हणजे टेंभुर्णीचा अमेरिकन भाऊबंद. घोलवडला चिकू खाताना हे कोणाला सांगितलं तर लोक विषय बदलतात, असा अनुभव आहे.

पाऊस सुरू झाला की खारघरचा नूर पालटतो. पांडवकड्याचा धबधबा कोसळायला लागतो, डोंगराचं पाणी वाट मिळेल तिथून उतरतं, फेअरवेवर, म्हणजे टी आणि ग्रीनमधल्या कापलेल्या गवतावर, तळी साचतात. नियमांच्या पुस्तकाने याची सोय केलेली आहे. तात्पुरतं साचलेलं पाणी असेल तर दंड न लागता बॉल बाजूला घेता येतो. फेअरवेवर चिखलात आपल्याच टप्प्याने रुतलेला बॉल उचलून पुसायचा आणि गुडघ्याच्या उंचीवरून टाकायचा. पडलेली झावळी किंवा अख्खा नारळसुद्धा मोकळा अडथळा ठरतो, हाताने दूर सारता येतो. फक्त ते करताना बॉल हलला तर, ग्रीन आणि टी सोडून इतरत्र, एक फटका दंड.

गेल्या आषाढात माझा बॉल बांधाच्या कडेला खेकड्याच्या, इकडच्या भाषेत मुठ्याच्या, बिळाच्या तोंडावर जाऊन बसला. प्राण्याने खणलेलं बीळ असेल तर मोफत सुटका मिळते, किडा-मुंगी आणि गांडुळाचं बीळ वगळून. खेकडा किडा नव्हे, असं मी सोबत्याला पटवत होतो. त्याला ते पटत नव्हतं. आमचा कॅडी मुलगा दोघांकडे बघत उभा होता. शेवटी म्हणाला, "काका, तुमचा बॉल घ्या बाजूला. मला मुठा दिसतोय." आणि बाही वर सारून त्याने बिळात हात घातला.