चार तासांत कुपी बाद करण्यामागचा इतिहास

गोवर-रुबेलाच्या लसीत डायल्युएंट, म्हणजे कोरडी लस विरघळवायचं द्रव, मिसळलं की चार तासांत, किंवा त्याआधी सत्र संपलं तर तेव्हाच, कुपी बाद करायची हा नियम लस देणाऱ्या प्रत्येक सिस्टरला पाठ असतो. तरी पाच डोसांची कुपी उघडावी आणि बाळं दोनच यावीत, असं झालं की उरलेली लस टाकताना जीवावर येतं. हा नियम आला कुठून ते माहीत असलं, तर तो पाळताना मन कचरत नाही.

ऑक्टोबर 1902 मध्ये जंतुशास्त्रज्ञ हाफकिन यांची मुंबईत तयार झालेली प्लेगची लस पंजाबातल्या मुलकोवाल गावी 107 जणांना टोचली गेली. त्यांपैकी एकाच बाटलीतून टोचलेले 19 जण धनुर्वाताने दगावले. ठपका लसीवर आणि हाफकिन यांच्यावर आला, त्यांना निलंबित केलं गेलं. बाटलीचं बूच काढायचा चिमटा गावात जमिनीवर पडला होता आणि नीट निर्जंतुक न करताच वापरला गेला, ही गोष्ट नंतर पुढे आली. निर्दोष ठरायला त्यांना 1907 साल उजाडलं. ही लस जिथे तयार व्हायची त्या परळच्या प्रयोगशाळेला 1925 मध्ये त्यांचं नाव दिलं गेलं.

आपल्या नियमाचं खरं मूळ मात्र ऑस्ट्रेलियातल्या बुंडाबर्ग शहरात आहे. जानेवारी 1928, तिथला ऐन उन्हाळा. घटसर्पाच्या लसीची रबरी बुचाची एक बाटली 17 तारखेला उघडली गेली. पुढचे काही दिवस तिच्यातूनच मुलांना लस दिली गेली आणि कुणालाही काही झालं नाही. मधल्या काळात बाटली फ्रिजमध्ये नव्हती, कपाटात होती. 27 तारखेला 21 मुलांना टोचलं आणि त्यांतली 12 मुलं दगावली. केलावे यांच्या अध्यक्षतेखालच्या चौकशी आयोगाला बाटलीत स्टॅफिलोकोकस जंतू सापडले. लसीत जंतुरोधक, म्हणजे जंतूंची वाढ रोखणारं द्रव्य, नव्हतं, त्यामुळे सुईवाटे आत गेलेले जंतू उबेत बिनबोभाट वाढत राहिले. पुन्हा पुन्हा सुई घालायच्या बाटलीत पुरेसं जंतुरोधक असलंच पाहिजे, अशी शिफारस आयोगाने केली.

आज पेंटाव्हॅलंटची, म्हणजे पाच रोगांवरच्या एकत्रित लसीची, उघडलेली कुपी, थंड साखळी (लस सतत थंड ठेवण्याची व्यवस्था) आणि बाकीच्या अटी पाळल्या तर, 28 दिवसांपर्यंत वापरता येते ती याच जंतुरोधकाच्या जोरावर. गोवर-रुबेला आणि बीसीजी (क्षयरोगाची लस) या जिवंत लसी आहेत, म्हणजे त्यांत रोगाचे दुबळे केलेले जिवंत जंतू असतात. जंतुरोधक घातलं तर लसच निकामी होईल, म्हणून त्यांत ते नसतं. तयार केलेली गोवराची कुपी ही पुन्हा बुंडाबर्गचीच बाटली असते, आणि तिला आवर घालतात फक्त थंडावा आणि घड्याळ. म्हणून लस तयार करताक्षणी लेबलवर तारीख-वेळ लिहायची. पहिलं बाळ टोचून झाल्यावर आठवून नव्हे. माझ्या मते उरलेले तीन डोस टाकणं ही नासाडी नाहीच, कुपी उघडली तेव्हाच तो खर्च ठरलेला होता.

दक्षिण सुदानमध्ये मे 2017 च्या गोवर मोहिमेत हे सगळं एकाच गावात मोडलं. चारही दिवस एकच सिरिंज वापरली, डायल्युएंट मिसळलेली लस शीतपेटीशिवाय ठेवली आणि टोचणाऱ्यांत शाळकरी वयाची मुलंही होती. पाच वर्षांखालची 15 बालकं गेली. एकदा दांडा दाबला की पुन्हा न ओढता येणारी एडी सिरिंज आपल्या लसीकरण कार्यक्रमात आली, ती सिरिंजचा पुनर्वापर टाळण्यासाठीच.

डायल्युएंटचा धडा 2014 मधला, सीरियातल्या इदलिबचा. तिथे गोवराच्या लसीत डायल्युएंट म्हणून चुकून अॅट्राक्युरियम, म्हणजे भूल देताना स्नायू शिथिल करायला वापरतात ते औषध, मिसळलं गेलं आणि किमान 15 बालकं दगावली. लसीच्या फ्रिजमध्ये दुसरं कुठलंही औषध ठेवायचं नाही, डायल्युएंट त्याच कंपनीचं आणि त्याच लसीसाठीचं घ्यायचं, आणि अॅम्प्यूल फोडण्याआधी लेबल मोठ्याने वाचायचं. ओळीत कितीही आया उभ्या असल्या तरी.