फोर्टी यार्ड डॅश आणि नुसत्या वेगाचा प्रश्न

फोर्टी यार्ड डॅश, किंवा अमेरिकन फुटबॉलवाले नुसतं "फोर्टी" म्हणतात ती, म्हणजे ४० यार्ड (३६.५८ मीटर) सरळ रेषेत जीव तोडून पळायचं आणि किती सेकंद लागले ते मोजायचं. बस. हातात बॉल नाही, समोर अडवणारा कोणी नाही, अंगावर पॅड नाहीत, डोक्यावर हेल्मेट नाही. तरीपण एनएफएलच्या (अमेरिकेतली व्यावसायिक फुटबॉल लीग) जगात या साडेचार सेकंदांना जेवढा भाव आहे तेवढा दुसऱ्या कुठल्याच चाचणीला नाही, एका दशांशाच्या फरकाने पोरं ड्राफ्टमधे (टीम आळीपाळीने कॉलेजातले खेळाडू निवडतात तिथे) पहिल्या राउंडवरून तिसऱ्यात जातात आणि करारातले लाखो डॉलर इकडचे तिकडे होतात. त्यामुळे "जो जास्त पळतो तो चांगला प्लेअर का?" हा प्रश्न तिथे फार जुना आहे, आणि उत्तर बरंचसं "नाही" असं आहे, पण ते "नाही" जरा नीट समजून घ्यावं लागतं.

४०च यार्ड का, तर याचं श्रेय सहसा क्लीव्हलंड ब्राउन्सचे कोच पॉल ब्राउन यांना देतात. पंट, म्हणजे पायाने उंच लाथाडलेला बॉल, साधारण ४० यार्ड लांब जाऊन पडायचा, तेवढ्या वेळात आपला माणूस तिथे पोचतो का हे त्यांना बघायचं असायचं. म्हणजे मुळात एका ठराविक कामाची ही चाचणी, नंतर तीच सगळ्यांना सरसकट लावली गेली, अगदी दीडशे किलोच्या लाइनमनलासुद्धा (समोरच्याशी ढकलाढकली करणारा धिप्पाड गडी), ज्याला अख्ख्या करिअरमधे सरळ ४० यार्ड पळायची वेळ दोनचारदाच येत असेल.

आता ही शर्यत होते ती एनएफएल कम्बाइनमधे, दरवर्षी फेब्रुवारीच्या शेवटी-मार्चच्या सुरुवातीला, १९८७ पासून इंडियानापोलिस शहरात. कॉलेजमधून येणाऱ्या तीनेकशे पोरांना बोलावतात, उंची-वजन घेतात, तळहाताची लांबी मोजतात, डॉक्टर सांधे वाकवून बघतात, मुलाखती होतात, उड्या मारून घेतात, आणि मग फोर्टी. टीव्हीवर लोक बघतात ते मुख्यतः हेच. एक टीव्ही अँकर रिच आयझन दरवर्षी सूट घालून हीच शर्यत पळतो, सहा सेकंदांच्या आसपास, ती आता एक परंपराच झाली आहे (आणि खरं सांगायचं तर ते बघून कळतं की बाकीचे किती भयंकर वेगाने पळतात).

घड्याळाची एक गंमत आहे जी लोक विसरतात. ॲथलेटिक्समधे बंदुकीचा आवाज झाला की घड्याळ सुरू, म्हणजे आवाज ऐकून हलायला लागलेला वेळही मोजला जातो. कम्बाइनमधे तसं नाही, खेळाडू स्वतःच्या मर्जीने निघतो, तो हलला की एक माणूस बटण दाबतो आणि शेवट मात्र इलेक्ट्रॉनिक बीमवर होतो. म्हणून कम्बाइनचा ४.३ आणि ट्रॅकवरचा वेळ यांची थेट तुलना करायची नसते, आणि जुन्या काळचे नुसत्या स्टॉपवॉचवर घेतलेले आकडे तर दंतकथाच समजायचे. ऐंशीच्या दशकात गाजलेल्या बो जॅक्सनचा ४.१३ लोक अजून सांगतात, सांगू देत.

सध्याचा कम्बाइन रेकॉर्ड टेक्सस युनिव्हर्सिटीच्या झेवियर वर्दीचा, ४.२१ सेकंद, २०२४ सालचा. त्याआधी जॉन रॉस ४.२२ (२०१७), त्याआधी क्रिस जॉन्सन ४.२४ (२००८). उसेन बोल्टने २०१९ मधे अटलांटात सुपर बोलच्या (एनएफएलचा अंतिम सामना) निमित्ताने एका कार्यक्रमात ट्रॅकसूट आणि साधे बूट घालून ४.२२ काढला होता, निवृत्त झाल्यावर! आणि त्याला कुठल्याही टीमने लगेच रिसीव्हर (पुढे पळत जाऊन फेकलेला बॉल झेलणारा) म्हणून करार दिला नाही, यातच अर्धं उत्तर आलं.

ऑलिम्पिकवाले

हा प्रश्न इतिहासाने स्वतःच दोन माणसं समोरासमोर उभी करून तपासलेला आहे, त्यामुळे इथे थोडं थांबूया.

बॉब हेज १९६४ च्या टोकियो ऑलिम्पिकमधे १०० मीटरचा सुवर्णविजेता, रिलेमधे शेवटच्या टप्प्यात मागून येऊन सगळ्यांना खाल्लं. १९६५ पासून डॅलस काउबॉइजकडून खेळायला लागला आणि पहिल्याच सीझनला ४६ कॅच, १००३ यार्ड, १२ टचडाउन (बॉल समोरच्यांच्या टोकाच्या पट्ट्यात नेणं). एकेकट्या डिफेंडरला तो आवरेना, म्हणून मग माणसाऐवजी जागा राखायची, एकावर दोघं ठेवायचे, असले झोन डिफेन्सचे प्रकार त्याच्यामुळे जोरात वाढले असं मानतात. १९७२ च्या जानेवारीत सुपर बोल जिंकला, आणि ऑलिम्पिक सुवर्ण आणि सुपर बोलची अंगठी दोन्ही असलेला तो एकटाच. २००९ मधे हॉल ऑफ फेम (दिग्गजांची मानाची यादी), तोवर तो जगात नव्हता.

जिम हाइन्स १९६८ च्या मेक्सिको सिटीचा १०० मीटर विजेता, ९.९५ सेकंद, हा जागतिक विक्रम १९८३ पर्यंत टिकला, म्हणजे कागदावर हेजपेक्षाही भारी. १९६९ मधे मायामी डॉल्फिन्सकडून १० सामने खेळला. एकूण कमाई २ कॅच, २३ यार्ड. त्याचं टोपणनाव पडलं "ऊप्स", कारण बॉल हातात येऊन निसटायचा. पुढच्या वर्षी कॅन्सस सिटीकडून एक सामना, आणि संपलं.

दोघंही जगातले सगळ्यात वेगवान, मग फरक कुठे? हेज लहानपणापासून फुटबॉलवाला होता, फ्लोरिडा ए अँड एम कॉलेजात तो आधी फुटबॉल खेळायचा आणि मग पळायचा, हाइन्सचं उलट, तो पळणारा होता आणि त्याला वरून फुटबॉल चिकटवला. तसाच अडथळ्यांच्या शर्यतीतला रेनाल्डो नेहेमाया, ११० मीटर हर्डल्स १३ सेकंदांच्या आत (१२.९३, १९८१) पळणारा पहिला माणूस, कॉलेजात फुटबॉल न खेळता थेट सॅन फ्रान्सिस्को फोर्टीनाइनर्समधे आला, तीन सीझनमधे ४३ कॅच आणि ४ टचडाउन. वाईट नाही, पण ज्या अपेक्षेने आणला ते काही झालं नाही.

आणि हेजचीही एक गोष्ट सांगतात. ३१ डिसेंबर १९६७, ग्रीन बे, उणे २५ अंशांची थंडी, आइस बोल नावाने प्रसिद्ध असलेला सामना. ज्या प्लेमधे (चालीत) बॉल आपल्याकडे येणार नाही हे माहीत असायचं तेव्हा हेज हात पँटीत खुपसून उभा राहायचा, आणि ग्रीन बेच्या लोकांना ते कळलं! हात बाहेर असले की याच्यावर लक्ष ठेवायचं, आत असले की सोडून द्यायचं. डॅलस १७-२१ हरलं. जगातला सगळ्यात जोरात पळणारा माणूस, आणि त्याला आवरलं ते पायांनी नाही, त्याच्याच हातांनी.

मैदानावर वेग म्हणजे काय

क्वार्टरबॅकला (बॉल फेकणाऱ्याला) स्नॅपनंतर, म्हणजे प्ले सुरू करायला बॉल मागे दिला की, तो फेकायला साधारण अडीच-तीन सेकंद मिळतात. एवढ्यात रिसीव्हरने ठरलेल्या यार्डांवर पोचायचं, थांबायचं, वळायचं, आणि डिफेंडरला तो वळणार हे आधी कळू द्यायचं नाही. इथे खरं कौशल्य थांबण्यात आहे. जो कायम फुल स्पीडने पळतो त्याला वाचणं सोपं असतं, खो-खो खेळलेल्या कोणालाही हे समजावून सांगायला नको, सरळ पळणारा पहिल्यांदा बाद होतो. म्हणूनच स्काउट (टीमसाठी खेळाडू हेरणारे) लोक फोर्टीच्या पहिल्या १० यार्डांचा वेळ वेगळा काढतात, आणि थ्री कोन ड्रिल आणि २० यार्ड शटल या वळायच्या चाचण्याही बघतात. लाइनमनच्या बाबतीत तर पहिले १० यार्ड सोडून बाकी आकडा निव्वळ करमणूक आहे. (तरी २०२२ मधे जॉर्डन डेव्हिस १५५ किलो वजन घेऊन ४.७८ पळाला तेव्हा सगळे तोंडात बोट घालून बघत राहिले, आणि फिलाडेल्फियाने त्याला १३व्या क्रमांकाला उचलला.)

रिसीव्हर जेरी राइस हे नाव इथे घ्यायलाच लागतं. त्याचा फोर्टी ४.६ ते ४.७ मधे कुठेतरी सांगतात, म्हणजे त्याच्या जागेसाठी मंदच. १९८५ च्या ड्राफ्टमधे १६वा, आणि निवृत्त होताना १५४९ कॅच, २२,८९५ यार्ड, २०८ टचडाउन, जवळपास कोणी फिरकलेलं नाही. वडील गवंडी होते, उन्हाळ्यात भावांनी खालून फेकलेल्या विटा वर उभं राहून झेलायचा, हात तिथे तयार झाले असं तो स्वतः सांगतो. प्रॅक्टिसमधे प्रत्येक कॅचनंतर शेवटपर्यंत पळत जायचा, आणि सामन्यात मागून कोणी त्याला सहसा पकडलं नाही, मग ४.७ कुठल्या कामाचा?

अजून स्वच्छ उदाहरण २०१७ च्या ड्राफ्टचं. सिनसिनाटी बेंगल्सनी रॉसला ४.२२ वर ९व्या क्रमांकाला घेतलं. त्याच ड्राफ्टमधे ईस्टर्न वॉशिंग्टनसारख्या छोट्या कॉलेजचा कूपर कप ४.६२ पळाला आणि ६९वा गेला, लॉस एंजेलिस रॅम्सकडे. रॉसचा पहिल्या सीझनला एकही कॅच नाही, त्यात दुखापती (हे त्याच्या बाजूने सांगायला हवं, वेगवान पाय दुखावले की काही उरत नाही), चार सीझननंतर टीम सुटली. कपने २०२१ मधे १४५ कॅच, १९४७ यार्ड, १६ टचडाउन केले, तिन्हीत लीगमधे पहिला. आणि त्याच सीझनचा सुपर बोल, १३ फेब्रुवारी २०२२, समोर कोण तर बेंगल्स. शेवटच्या दीड मिनिटात कपने जिंकून देणारा टचडाउन केला, २३-२०, सामनावीरही तोच.

रेडर्स टीमचे मालक अल डेव्हिस यांना तर वेगाचं वेडच होतं. २००९ मधे त्यांनी ४.३० वाला डॅरियस हेवर्ड-बे सातवा घेतला आणि पायाच्या दुखापतीमुळे फोर्टी न पळालेला मायकल क्रॅबट्री दहाव्यापर्यंत घसरला. पुढे क्रॅबट्रीचे कॅच हेवर्ड-बेच्या जवळपास तिप्पट झाले, आणि २०१५ मधे त्याला शेवटी रेडर्सनीच आणलं.

मग वेगाचा उपयोग नाही?

असं अजिबात नाही, तेही टोक चुकीचं. रनिंग बॅक (बॉल हातात घेऊन पळणारा) क्रिस जॉन्सनने दुसऱ्याच सीझनला, २००९ मधे, टेनेसीकडून २००६ यार्ड पळून काढले. कॉर्नरबॅक (रिसीव्हरला अडवणारा) डॅरेल ग्रीन २० सीझन वॉशिंग्टनकडून खेळला तो पायांच्या जोरावर. रिसीव्हर टायरीक हिलला २०१६ मधे सामन्यात पॅडसकट ताशी ३७ किमीच्या वर मोजलेलं आहे (खेळाडूंच्या खांद्याच्या पॅडमधे चिप असते, त्यावरून), आणि तो मैदानात असला एवढ्यानेच दोन डिफेंडर मागे सरकायचे, बॉल त्याच्याकडे गेला नाही तरी.

फ्रँक कुझमिट्स आणि आर्थर ॲडम्स यांनी २००८ मधे कम्बाइनचे आकडे आणि नंतरची कामगिरी ताडून बघितली, क्वार्टरबॅक, रनिंग बॅक आणि रिसीव्हर यांच्यासाठी, आणि सातत्याने जुळणारं काही सापडलं नाही, अपवाद फक्त रनिंग बॅकच्या पळण्याच्या वेळेचा. हे पटतं, कारण रनिंग बॅकच्या हातात बॉल आधीच दिलेला असतो आणि फट दिसली की सुटायचं असतं. तिथेही वजन धरावं लागतं, म्हणून स्पीड स्कोअर नावाचं गणित आलं, वजन (पाउंडात) गुणिले २००, भागिले फोर्टीच्या वेळेचा चौथा घात. क्वार्टरबॅकचं तर बोलूच नका, टॉम ब्रेडी ५.२८ पळाला, २००० च्या ड्राफ्टमधे १९९वा गेला आणि सात सुपर बोल जिंकला. लमार जॅक्सनसारखे पळणारे क्वार्टरबॅक आले तेव्हा हिशोब थोडा बदलला, पण थोडाच.

आता तर वरच्या दर्जाची बरीच पोरं फोर्टी पळतच नाहीत, एजंट सांगतो कशाला रिस्क घेतोस. २०२४ मधे वर्दीने ४.२१ चा रेकॉर्ड केला आणि २८वा गेला, कॅन्सस सिटीकडे. मार्विन हॅरिसन ज्युनिअर त्या वर्षी एक यार्डही पळाला नाही, ॲरिझोनाने त्याला चौथा उचलला.