जुन्या मॅन्युअल गाडीतील क्रूझ कंट्रोल : बिघाडांमागचा इतिहास

जुन्या, हाताने गिअर बदलायच्या गाडीत बाहेरून आणलेले क्रूझ कंट्रोल (ॲक्सिलरेटर न दाबता ठरवलेला वेग धरून ठेवणारी यंत्रणा) बसवले की तक्रारी ठरावीकच येतात. बटण दाबूनही वेग धरला जात नाही, धरला तर सपाट रस्त्यावरही गाडी हिंदकळत राहते, आणि कधी क्लच दाबताच इंजिन एकदम ओरडते. अशा वेळी संशय आधी किटच्या पेटीवर, म्हणजे नियंत्रण करणाऱ्या भागावर, जातो, पण पेटी क्वचितच दोषी असते. ही यंत्रणा ज्या काळात आणि ज्या गाड्यांसाठी घडली त्या गाड्यांविषयीची गृहीतके तिच्या प्रत्येक तारेत टिकून आहेत, आणि जुनी मॅन्युअल गाडी त्यांतले एखादे तरी मोडतेच.

जेम्स वॅट यांनी १७८८ मध्ये वाफेच्या इंजिनाला फिरत्या गोळ्यांचा गव्हर्नर, म्हणजे वेग आपोआप आवरणारा भाग, जोडला, आणि विसाव्या शतकाच्या आरंभी तसलेच गव्हर्नर काही मोटारींतही आले. त्यांचे लक्ष मुख्यतः इंजिनाच्या फेऱ्यांवर असे. रस्त्यावरचा वेग धरण्याची कल्पना प्रत्यक्षात आणली ती अमेरिकेतील इंडियाना राज्याच्या राल्फ टीटर यांनी. वयाच्या पाचव्या वर्षी दृष्टी गमावलेले टीटर पिस्टन रिंग बनवणाऱ्या पर्फेक्ट सर्कल कंपनीत अभियंता होते आणि १९३६ मध्ये अमेरिकेतील मोटार अभियंत्यांच्या संस्थेचे अध्यक्षही झाले. बोलताना वेग कमी करणाऱ्या आणि ऐकताना वाढवणाऱ्या आपल्या वकिलाच्या गाडीतील धक्क्यांना कंटाळून त्यांना ही युक्ती सुचली, असे सांगितले जाते. गोष्ट थोडी रंगवलेली असेलही. १९५० मध्ये मिळालेले पेटंट मात्र खरे आहे.

क्रायस्लरने १९५८ मध्ये आपल्या महागड्या गाड्यांत ही सोय ‘ऑटो-पायलट’ नावाने दिली, आणि पुढे कॅडिलॅकने वापरलेले ‘क्रूझ कंट्रोल’ हे नाव सर्वत्र रुळले. त्या पहिल्या यंत्रणेला वेग कळे तो स्पीडोमीटरच्या फिरत्या केबलवरून, आणि थ्रॉटल (इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणारी झडप) हलवण्याचे काम एक विजेची मोटर करी. इथे एक गोष्ट ध्यानात घ्यायला हवी : त्या वर्गातील अमेरिकी गाड्या बहुतांशी ऑटोमॅटिक होत्या, त्यामुळे ब्रेकला पाय लागला की यंत्रणा सुटली, एवढे पुरेसे होते. क्लचचा विचार नंतर, पुरवणीसारखा जोडला गेला.

खरी मागणी वाढली ती १९७३ च्या तेलसंकटानंतर. १९७४ मध्ये अमेरिकेत ताशी ५५ मैलांची, म्हणजे सुमारे ८८ किलोमीटरची, देशव्यापी वेगमर्यादा आली, आणि लांब सरळ महामार्गांवर तो वेग पायाने तासन्‌तास धरून ठेवणे चालकांना जड जाऊ लागले. डॅनियल विस्नर यांचे इलेक्ट्रॉनिक वेगनियंत्रणाचे पेटंट १९७१ चे. पुढच्या दशकांत सुटी किटे बाजारात आली, आणि त्यांतली पुष्कळशी इंजिनाच्या मॅनिफोल्डमधील (हवा आत नेणाऱ्या नळकांड्यातील) व्हॅक्यूमवर, म्हणजे तिथल्या शोषणाच्या ओढीवर, चालत. रबरी पडदा ओढला जातो, तो केबल ओढतो आणि केबल थ्रॉटल उघडते. यात अडचण अशी की चढावर थ्रॉटल जितका जास्त उघडतो तितका मॅनिफोल्डमधील व्हॅक्यूम घटतो, म्हणजे गरज सर्वाधिक असते तेव्हाच ओढण्याची ताकद सर्वांत कमी. म्हणून नळीत एकदिशा व्हॉल्व्ह आणि व्हॅक्यूम साठवणारा डबा देत. चढावर वेग हळूहळू सुटत असेल तर आधी हा व्हॉल्व्ह आणि नळीच्या भेगा तपासाव्यात. डिझेल इंजिनात बहुधा थ्रॉटलच नसल्याने असा व्हॅक्यूम मिळत नाही. तिथे ब्रेकसाठी असलेल्या व्हॅक्यूम पंपाचा आधार घ्यावा लागतो.

जुन्या गाडीत वेगाचा विद्युत संकेतही नसतो. मग प्रोपेलर शाफ्टवर (गिअरबॉक्सची गती मागच्या चाकांकडे नेणाऱ्या दांड्यावर) किंवा पुढच्या चाकाच्या ॲक्सलवर चुंबक बांधून शेजारी पिकअप (चुंबकाच्या फेऱ्या टिपणारा भाग) बसवतात. चुंबक सरकला किंवा अंतर वाढले की संकेत तुटक होतो. दर मैलामागे किती पल्स (विजेचे ठोके) येतात हे ठरवणारी पेटीवरील बारीक बटणे चुकीची लावली असतील तर गाडीचा वेग किमान मर्यादेखालीच आहे अशी यंत्रणेची समजूत होते आणि ती वेग धरत नाही. हिंदकळण्यामागे मात्र बहुतेकदा थ्रॉटलच्या केबलमधील ढील किंवा गरजेपेक्षा जास्त ठेवलेली संवेदनशीलता असते.

सर्वांत चकवणारा बिघाड ब्रेकच्या तारेत सापडतो. अनेक किटांची एक तार ब्रेकच्या स्विचपासून मागच्या दिव्यांकडे जाणाऱ्या वायरला जोडलेली असते. ब्रेक दाबलेला नसताना या तारेला बल्बच्या तंतूमधून अर्थिंग मिळते, आणि ते मिळाले तरच यंत्रणा तयार होते. दोन्ही बल्ब उडाले असतील तर वेग धरला जाऊ नये, हा त्यामागचा शहाणपणाचा हेतू. पण मागे एलईडी दिवे बसवले की तंतूच उरत नाही, अर्थिंग मिळत नाही, आणि कालपर्यंत चालणारे क्रूझ निमूटपणे बंद पडते. पाच पिनांचा रिले (विजेने हलणारा स्विच) लावून ब्रेक सुटलेला असताना त्या तारेला अर्थिंग आणि दाबल्यावर बारा व्होल्ट मिळतील अशी जोडणी केली की प्रश्न सुटतो. इथे मल्टिमीटर (वीज मोजण्याचे उपकरण) न लावता पेटी बदलणे म्हणजे पैसे वाया घालवणे.

क्लचच्या पेडलवर किटसोबत येणारा चुंबकीय स्विच बसवतात. तो थोडा उशिरा उघडला, म्हणजे त्याने जोडणी उशिरा तोडली, तरी इंजिनावरचा भार सुटतो, थ्रॉटल ओढलेलाच राहतो आणि फेऱ्या उसळतात, म्हणून पेडल जेमतेम हलताच स्विच उघडला पाहिजे. इग्निशन कॉइलवरून घेतलेला फेऱ्यांचा संकेत ही दुसरी खबरदारी, कारण फेऱ्या अचानक वाढल्या की पेटी स्वतःच हात सोडते. मॅन्युअल गाडीत एकाच गिअरमध्ये फेऱ्या आणि वेग यांचे प्रमाण ठरलेले असल्याने काही किटे केवळ याच संकेतावर चालवता येतात, म्हणजे जुन्या गव्हर्नरचीच पद्धत इथे परत उपयोगी पडते.

आपल्याकडे व्हॅक्यूमच्या पिढीची किटे फारशी रुळली नाहीत. थ्रॉटल केबलऐवजी तारेच्या संकेतावर चालू लागल्यावर काम पुष्कळ सोपे झाले, कारण वेग धरण्याची आज्ञावली अनेकदा इंजिनाच्या संगणकात आधीच असते. पोलो, व्हेंटो आणि रॅपिड या गाड्यांच्या अनेक मालकांनी स्टिअरिंगवरची दांडी बदलून आणि कोडिंग करून (गाडीच्या संगणकात ती सोय सुरू करून) ही सोय मिळवली. अशा गाडीत क्रूझ लागले नाही तर कोडिंग पुन्हा करण्याआधी निदानयंत्रावर ब्रेक आणि क्लचच्या स्विचची स्थिती पाहावी. क्लचचा स्विच झिजून सतत दाबलेला दिसत असेल तर कितीही कोडिंग केले तरी उपयोग होत नाही.